शून्यावर न आलेली वाडी

भूकंपात कुठली जमीन किती हलेल ते सांगणारं सूत्र हर्षला दहिवलीच्या घरी बसून प्रोग्रॅममध्ये बसवत होती. चाचणीसाठी तिनं प्रोग्रॅमच्या यादीतले सगळे भूकंप काढून टाकले. पडद्यावरच्या नकाशात एकेका गावाचं हलणं शून्यावर आलं.

डोंगरातली एक वाडी तेवढी शून्यावर आली नाही. दोन वर्षांपूर्वी दरडीखाली गेलेली. तिचा ठिपका लाल होई, विझे, पुन्हा लाल होई. हर्षलानं सूत्र तीनदा तपासलं, चूक सापडेना.

करटुली विकायला आलेली कोंडी दारातून बघत होती. तिची लेक जनी त्याच दरडीत गाडली गेली होती.

"काय गं ताई ते?"

"तुमच्या वाडीची जमीन हलतेय, मावशी."

कोंडी जवळ आली. ठिपक्याकडं बघत राहिली.

"जनी हाय. भात कांडते."

तिनं पडद्यावर तळवा टेकला. "दमानं गं, जने. हात भरून येतील."

ठिपका संथ झाला.