कडी नसलेलं दार

"ॲक्शन!" बाबा ओरडले, आणि खिट्टीनं दाराला आतून पाठ लावली.

दाराला कडी नव्हती. हात लावला की ते सताड उघडायचं. म्हणून शूटिंगच्या वेळी कुणीतरी आत टेकून बसायचं, आणि पहिल्या सिनेमापासून ते काम तिचंच. कॅमेरावाल्या काकांनी खिट्टी हे नाव तेव्हाच पाडलं. आता ती दहावीत होती, उंचीत आईला मागे टाकलं होतं, वक्तृत्वस्पर्धेत शाळेला ढाल आणून दिली होती. तरी सेटवर खिट्टी ती खिट्टीच.

पलीकडे आई ताट घेऊन उभी. ठक ठक ठक. प्रत्येक ठोका खिट्टीच्या मणक्यातून खाली उतरला.

"अरे ए राजा, ऊठ! पलंगाला मुळं फुटली की काय तुला?"

आवाज टिपणाऱ्या मावशीनं तोंडात रुमाल कोंबला. दर वेळी कोंबायची. नाहीतर तिचंच हसू रेकॉर्ड व्हायचं.

बाबांचे सिनेमे छोटे, मित्रमंडळींना धरून केलेले, आणि पोट दुखेपर्यंत हसवणारे. माणसं तीच ती यायची. उन्हात छत्री उघडणारा आणि पावसात मिटणारा शेजारी. अर्धंच डोकं भादरून "उरलेलं उद्या" म्हणणारा न्हावी. आणि दारवाली आई. गोष्ट बदलायची, नायक बदलायचा, पण ती बंद दारापुढे उभी राहून बडबडायची आणि दार काही उघडायचं नाही. ती ताट घेऊन दिसली रे दिसली की थिएटरात शिट्ट्या सुरू. एका समीक्षकानं तर लिहिलं होतं, की ते बंद दार म्हणजे आजच्या माणसाचं एकटेपण. बाबा वाचून म्हणाले, "असेल बुवा."

तसलं काही नव्हतं. ते दादाच्या खोलीचं दार होतं.

खिट्टी पहिलीतही गेली नव्हती तेव्हाची गोष्ट. सुट्टीची सकाळ. दादा म्हणजे झोपेचा नुसता गोळा, त्यामुळे उठला नाही याचं कुणालाच काही वाटलं नाही. आई ताट घेऊन दाराशी उभी राहिली आणि तिनं एकेक अशी फिरकी घेतली, की टेबलापाशी बाबा आणि खिट्टी हसून हसून लोळले. ताटातलं गार झालं. मग आधी बाबांचं हसू थांबलं. त्यांनी खांद्यानं धडक दिली, कडी उखडून खाली पडली. दादा झोपेतच गेला होता. रात्रीच, डॉक्टर म्हणाले. म्हणजे आईचे ते सगळे विनोद ऐकायला आत कुणी नव्हतंच.

वर्षभरानं ते दार बिजागऱ्यांतून निघालं आणि सेटवर आलं. एका सिनेमात निळं, एकात पिवळं, आता हिरवं. कडी मात्र कुणी बसवली नाही.

इतकी वर्षं खिट्टी गप्प होती. पण गेल्या महिन्यात बाबांच्या शेजारी संकलनाला बसलेली असताना एक उरलेला तुकडा तिच्या नजरेला पडला. 'कट' होऊन गेलेलं, सगळे चहाला पळालेले, कॅमेरा चुकून चालूच. आई एकटी दाराशी उभी. तळवा दारावर, गालही दारावर. हलायचं नाव नाही.

खिट्टी भडकलीच. "बाबा, काढून टाका हा सीन! लोकांनी खिदळावं म्हणून आईला तिथं पुन्हापुन्हा उभं करता? तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

बाबा नखावरचा हिरवा रंग खरवडत राहिले. "तो सीन माझ्या हातात नाही, बाळा."

"मग कुणाच्या? प्रेक्षकांच्या?"

बाबांनी पुढचा तुकडा लावला.

ठीक आहे, तिनं ठरवलं. तुमच्या हातात नसेल, माझ्या पाठीत तर आहे! दार एकदा उघडलं की गंमत संपली. आत कोण, हे कळलेल्या दाराला कोण हसणार? आई सुटेल. रडेल थोडी, मग आपल्याला घट्ट मिठी मारेल. हा शेवट खिट्टीनं मनात इतक्यांदा पाहिला होता, की तो तिला पाठ झाला होता.

ठक ठक ठक.

"बघ हं, गार होतंय! मी मांजराला वाढीन आणि त्यालाच मुलगा म्हणेन, मग बस बोंबलत!"

रुमालातूनही मावशीचं हसू फुटलं. खिट्टी उठली, बाजूला झाली आणि तिनं दार ओढलं.

उजेड भस्सकन आत आला. आत होतं काय? प्लायवूडची उघडी पाठ, वायरींची भेंडोळी, हिरव्या रंगाचा डबा. आईचा हात ठोठावायला वर गेला होता, तो तसाच राहिला. दुसऱ्या हातातलं ताट खाली पडून गरगरलं आणि थांबलं.

"झालं, आई," खिट्टी म्हणाली. आवाज स्पर्धेतल्यासारखा खणखणीत आला. "आता नाही करायचं हे. बघ ना, आत कुणी नाहीये."

आई बघत होती. खिट्टीकडे नाही, तिच्या खांद्यावरून आत. वायरींकडे. रंगाच्या डब्याकडे. हसणं कधीच थांबलं होतं. कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

बाबा धावत आले. कॅमेऱ्याकडे नाही, दाराकडे. "अगं, काय केलंस हे!" ते म्हणाले. "सिनेमा मी लिहितो गं. हा सीन ती मागून घेते. दर वेळी."

"बंद कर ते," आई म्हणाली.

"आई, अगं, पण मी तुझ्यासाठीच..."

"बंद कर आधी!" आईनं हिरव्या दाराची कड धरली आणि ती आपल्याकडे ओढू लागली. "दार बंद असतं ना, तोवर तो आत झोपलेला असतो."