मुठीवरची वाळू

"नेमबाजाच्या मुठीला दुसऱ्यानं हात लावू नये म्हणायचे ना हे? त्यांना विचारलंस तरी का?" आई कुरकुरली.

नूतन आबांच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तासून आपल्या हाताजोगी करत होती. उद्या स्पर्धा होती. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या, बोटही न हलणाऱ्या बापाला काय विचारायचं? घामानं पकड सुटू नये म्हणून तिनं मुठीला गोंद फासून बारीक वाळू भुरभुरली आणि पेटीला कुलूप घालून किल्ली गळ्यात अडकवली.

सकाळी पेटी उघडली, तर वाळूत रुंद बोटांचे ठसे उमटलेले. करंगळीची जागा तेवढी कोरी. आबांची करंगळी मागेच उसाच्या चरकात गेली होती.

तेवढ्यात आतून आईची हाक आली, "नूतन, इकडे ये गं! यांच्या तळहाताला ही वाळू कुठून चिकटली?"