मागची जागा

कार्निव्हलात स्टीलपॅनचा, म्हणजे पोलादी ढोलांचा गाडा, वर वाजवणाऱ्यांसकट, चौघांच्या ताकदीने चढावर ढकलतो म्हणून लेस्टरची त्रिनिदादच्या बॉबस्ले, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीच्या, संघात निवड झाली. संघ दोघांचाच. काइरनने पुढे बसून गाडी वळवायची आणि लेस्टरने मागून ढकलून, वेग आला की मागच्या जागेवर उडी मारायची.

देशात बर्फ नव्हता, म्हणून गाडीला चाकं लावून डांबरी रस्त्यावर सराव सुरू झाला. मागच्या जागेवर मात्र वर्षभर संघटनेचे अध्यक्ष फिलिपसाहेब बसले, हातात छोले भरलेले गरम डबल्स घेऊन.

“गाडीला वजन नको का? तू फक्त ढकलण्यावर लक्ष दे.”

“आणि मी बसायचं कधी शिकू, साहेब?”

“बसायला काय शिकायचंय? मी कुठं शिकलो होतो?”

“ते तर दिसतंच आहे,” काइरन पुढूनच पुटपुटला.

ऑस्ट्रियातल्या पात्रता फेरीला दोन खेळाडू आणि नऊ पदाधिकारी गेले. ऑलिंपिकला जायची ही शेवटची संधी होती. अध्यक्ष नवा कोट घालून, झेंडा घेऊन कठड्यापाशी उभे राहिले. लेस्टरने जीव तोडून ढकललं. पहिल्या पन्नास मीटरला त्रिनिदाद जर्मनीच्याही पुढे होतं.


मग तो वर्षभराच्या सवयीने अदबीनं बाजूला झाला आणि एकट्या काइरनला घेऊन सुटलेल्या गाडीमागे ओरडला, “सांभाळून बसा, साहेब!”