खोकल्याची जागा

लोकसंगीत मंडळाने नावाड्यांचं एक जुनं गाणं नावाडी वस्तीतल्या एका आजींच्या एकुलत्या एका ध्वनिफितीवरून बसवलं होतं, आणि त्यात काडीचाही बदल करायचा नाही असा मंडळाचा दंडक होता. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आजींना सर्दी झाली होती आणि तिसऱ्या कडव्यात त्या दोनदा खोकल्या होत्या. त्यामुळे मंडळाचे सगळे गायक तिसऱ्या कडव्यात न चुकता दोनदा खोकत.

आपलं गाणं एकदा तरी मंचावरून गायचं, एवढीच आजींची इच्छा उरली होती. यंदाच्या मैफलीच्या निवडचाचणीला त्या नातीचा हात धरून आल्या आणि डोळे मिटून खणखणीत गायल्या.

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आवाज छान लागलाय, आजी," अध्यक्ष म्हणाले, "पण तिसऱ्या कडव्यातली खोकल्याची जागा तुम्ही गाळलीत."

"अरे बाळा, तेव्हा मला सर्दी झाली होती!"

"असेल हो. पण आमची नवखी पोरंसुद्धा ती जागा चुकत नाहीत. गाणं तुमचं असलं, तरी परंपरा मंडळाची आहे ना? पुढच्या वर्षी जरा तयारी करून या."

आजींनी रागारागाने चपला पायात सरकवल्या. दारापाशी पोहोचेपर्यंत संतापाने त्यांना ठसका लागला आणि चौकट धरून त्या दोनदा खोकल्या.

"वा! क्या बात है!" आतून सगळे परीक्षक एकदमच ओरडले.



मैफलीत आजी मंचावर मधोमध बसल्या. गाणं बाकीच्यांनी गायलं. तिसऱ्या कडव्यात आजी दोनदा खोकल्या, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.