वेगळं ताट

पहिली शिफ्ट संपवून नागसेन चाकणहून दिघीला घरी आला, तेव्हा त्याच्या हातात नवं स्टीलचं ताट आणि पेला होता. शर्ट पाठीवरच्या फुटलेल्या फोडांना चिकटला होता.

"हे कशाला?" त्याच्या बायकोनं, नेहानं विचारलं.

"माझं वेगळं असू दे. तुमच्या भांड्यांत मिसळू नको."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही."

"मी होते की तिथं. याची लागण होत नाही म्हणाले." नेहा सासूकडे वळली. "आई, त्यांनी चित्र काढून दाखवलं. रक्तातली राखण करणारी फौजच यांच्या कातडीतल्या पेशींना परकं समजायला लागलीय. मग त्या पेशी एकमेकींना सोडून देतात. काहींना तर आतूनच मरायचा इशारा जातो. आणि त्या मरतात. तिथं फोड उठतो."

तानुबाई ओट्यापाशी दहीभात कालवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आपल्या आपण मरत्यात?"

"हो."

त्या पुन्हा भात कालवू लागल्या.

"कंपनीत कुणी काही बोललं का?" नेहानं विचारलं.

नागसेन खुर्चीच्या कडेवर बसला. पाठ टेकता येत नव्हती. "तोंडावर कोण बोलतंय? माझ्याबरोबर काम करणारा नवनाथ कॅन्टीनमध्ये शेजारून उठला. पाणी आणतो म्हणाला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. आता मीच कोपऱ्यात बसतो. बरं पडतं. कुणाला उठावं लागत नाही."

तो हे अगदी सहज बोलला.

तानुबाईंनी नवं ताट विसळलं. त्यात भात वाढला आणि गुडघ्यावर हात देत खाली बसल्या. नागसेनच्या तोंडातही फोड होते, म्हणून भातात ना मिरची, ना लोणचं. त्यांनी ताट मधोमध ठेवलं आणि पहिला घास स्वतः घेतला.

"आई, ते माझं आहे."

"व्हय, तुझंच हाय." त्यांनी घास गिळला. "आमच्या गावात हाटेलाबाहेर आमचा कप येगळा टांगलेला असायचा. पण त्यो त्यांनी टांगला व्हता, बाळा. आमी न्हाई."

नागसेन खुर्चीवरून उतरला आणि आईसमोर बसला. नेहाही आली.

त्यानं छोटा घास घेतला. डोळे मिटून, हळूहळू गिळला. दुसऱ्या घासाला ओठावरचा फोड फुटला आणि पांढऱ्या भातावर एका कडेला लाल डाग पडला. त्यानं चटकन हात मागं घेतला.

तानुबाईंनी पुढचा घास त्याच कडेचा उचलला.