तुलनेसाठी एक श्वास

प्रयोगशाळेत रुग्णांच्या श्वासाशी ताडून पाहायला निरोगी श्वास हवे होते, म्हणून तिने बाबांनाच बोलावलं. “तुझी आई म्हणायची, तुमच्यात नुसती हवाच भरलीय. आज कामाला आली,” म्हणत बाबांनी पिशवी फुगवली. तिने ती यंत्राला जोडताच पडद्यावर ॲसिटोनची रेघ भलतीच चढली. मधुमेह? थेंबभर रक्त काढून तिने साखर तपासली. व्यवस्थित होती. उरलं एकच कारण: उपाशी शरीर अंगचीच चरबी जाळतं आणि श्वासातून सांगतं. “बाबा, रोज फोनवर ‘जेवलो’ म्हणता ना?” बाबांनी यंत्राकडे पाहिलं. “चुगलखोर दिसतंय हे.” मग म्हणाले, “ती गेल्यापासून एकट्यासाठी ताट घ्यावंसं वाटत नाही गं.” तिने त्यांना बाहेर बसवून आपला डबा उघडला. दोन घासांनंतर ते भराभर खाऊ लागले. ती पाणी आणायला उठली; बाटली भरली तरी वळली नाही.