कडीबंद खेळी

"दामूकाका, मॅच संपेपर्यंत बाहेर यायचं नाही!" असं म्हणून कप्तानाने संडासाला बाहेरून कडी घातली.

"अरे, पण माझी बॅटिंग?" आतून काकांनी विचारलं. पासष्टी उलटली तरी दर रविवारी ते शेवटच्या नंबरासाठी पॅड बांधून बसत.

"तुम्ही आत गेलात आणि विकेट पडायच्या थांबल्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच मॅच हातात आहे. आता कुणीच जागा सोडायची नाही. पेडणेकर तर मघापासून एका पायावर उभा आहे. तोही पाय टेकणार नाही."

काका पॅडसकट उलट्या बादलीवर बसले आणि बाहेरच्या आरड्याओरड्यावरून धावा मोजू लागले. मध्येच आलेली शिंकसुद्धा त्यांनी दाबली. उगाच कुणाचा तरी त्रिफळा उडायचा.

तासाभराने कडी निघाली. मॅच जिंकली होती! सगळ्यांनी काकांना बादलीसकट खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. तीस वर्षं भोपळ्यावर परतणाऱ्या काकांचे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी त्यांनी बॅट घरीच ठेवली. चष्मा आणि पेपर मात्र आठवणीने घेतला.